वैनगंगेच्या खोऱ्यातली रेल्वे : गोंदिया ते चांदा फोर्ट, व्हाया ब्रह्मपुरी

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा आला तर इयरफोन लावा.)

आज एक काम करा. ऐकता ऐकता फोनवर नकाशा उघडा आणि ब्रह्मपुरी शोधा. सापडली? आता थोडं झूम आउट करा. पूर्वेला एक जाड निळी रेघ दिसेल, ती वैनगंगा. आणि एक बारीक काळी रेघ दिसेल, ती आपली रेल्वे. वर गोंदियाहून येते, अर्जुनी मोरगाव, वडसा करत नदी ओलांडते, ब्रह्मपुरीला येते, मग नागभीड, सिंदेवाही, मूल आणि शेवटी चांदा फोर्ट. तिथून पुढे बल्लारशाह. सगळी मिळून साधारण २४० किलोमीटर.

या रेघेबद्दल मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो, विशेषतः शिकायला बाहेर गेलेल्या पोरापोरींकडून : "आपल्याकडं रेल्वे आहे, मग गाड्या इतक्या कमी काहून? आणि आहे ती गाडी मधल्या स्टेशनावर अर्धा अर्धा तास उभी काहून राहते?" उत्तर एका वाक्यात मिळत नाही. त्यासाठी नदी, इंग्रज, धान, कोळसा आणि वाघ, सगळ्यांना बोलवावं लागतं. तर चला.

रेल्वेला नदी का आवडते?

आधी थोडं विज्ञान. घाबरू नका, सोपं आहे.

लोखंडी रुळावर लोखंडी चाक. घर्षण फार कमी. म्हणून सपाटीवर रेल्वे कमी ताकदीत प्रचंड वजन ओढते. हजार टनांची गाडी सपाटीवर सावकाश ओढायची तर तीन-चार टनांची ओढ पुरते. पण तीच गाडी चढावर आली की खेळ बदलतो. 'शंभरात एक' चढ म्हणजे शंभर मीटर पुढं गेल्यावर एक मीटर वर. सायकलवर तुम्हाला हा चढ जेमतेम जाणवेल. पण हजार टनांच्या गाडीला तो दहा टनांनी मागं खेचतो. म्हणजे सपाटीवर लागते त्याच्या तीन-चार पट ताकद लागली. आणि कमी घर्षणाचा फायदा इथं तोटा होतो, कारण चाकं जागच्या जागी घसरायला लागतात.

म्हणून जुन्या काळी रेल्वेचे इंजिनिअर आधी नदी शोधायचे. नदीनं हजारो वर्षं घासून सगळ्यात हळुवार उतार आधीच शोधून ठेवलेला असतो. शिवाय खोऱ्यातच गावं असतात, शेती असते, बाजार असतो. म्हणजे माल आणि माणसं दोन्ही.

मग प्रश्न येतो, आपली रेल्वे नदीच्या अगदी काठानं का जात नाही? वडसा-ब्रह्मपुरीजवळ ती वैनगंगेला एकदा भेटते, पुलावरून ओलांडते आणि लांब निघून जाते.

याचं उत्तर पावसाळ्यात ब्रह्मपुरी तालुक्यातल्या कुणालाही विचारा. वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट, गोंदिया, भंडारा करत आपल्याकडं येते. वरचं सगळं पाणी घेऊन येते. ऑगस्ट २०२० च्या शेवटी काय झालं ते आठवा. वर मध्य प्रदेशात जोरदार पाऊस, धरणातून विसर्ग, मग गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडले आणि लाडज, पिंपळगाव भोसले अशी काठावरची गावं पाण्याखाली गेली. लाडज तर नदीच्या दोन फाट्यांच्या मधलंच गाव. आता कल्पना करा, रूळ अशा काठावरून नेले असते तर?

दुसरं कारण उपनद्या. चुलबंद, गाढवी, उमा, अंधारी या सगळ्या वैनगंगेला मिळतात. उपनदी जिथं मोठ्या नदीला मिळते तिथं तिचं पात्र सगळ्यात रुंद, म्हणजे पूल सगळ्यात लांब आणि महाग. थोडं वर सरकलं की तीच नदी लहान पुलात पार होते. म्हणून रेल्वे खोऱ्यात राहिली, पण काठापासून अंतर ठेवून.

अजून एक गंमत बघा. मूलच्या पुढं केळझरच्या जंगलात ही गाडी वैनगंगेचं खोरंच सोडते आणि चंद्रपूरला पोचेपर्यंत वर्धा नदीच्या खोऱ्यात उतरते. चंद्रपूरची इरई वर्धेला मिळते. आणि पुढं खाली वर्धा आणि वैनगंगा एक होतात, त्यांची प्राणहिता होते. म्हणजे तुम्ही गोंदियाहून चांदा फोर्टला जाता तेव्हा एका बहिणीच्या घरातून निघून दुसरीच्या घरी पोचता.

१९०८ : छोटी गाडी येते

ही रेल्वे बांधली बंगाल नागपूर रेल्वे या कंपनीनं. १८८७ साली सुरू झालेली कंपनी. तिनं नागपूर-छत्तीसगढ रेल्वे ताब्यात घेतली, रुंद केली आणि नागपूर थेट हावड्याशी जोडलं. या मोठ्या रेषेवर गोंदिया. मग गोंदियाहून फांद्या फुटल्या. वर जबलपूरकडं एक, आणि खाली आपल्याकडं एक. या फांद्या नॅरोगेज होत्या. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. आजच्या ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर. निम्म्याहून कमी.

गोंदिया-नागभीड १९०८ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी नागपूरच्या इतवारीहून नागभीडपर्यंतची छोटी रेल्वेही आली. पुढं १९१३ पर्यंत रूळ राजोलीवरून चांदा फोर्टला पोचले.

छोटी लाइन का? पैसा. अरुंद रुळाला जमीन कमी, पूल हलके, वळण जास्त घेता येतं. जंगलातून डोंगर टाळत, झाडं वळसे घालत न्यायला सोयीची. कंपनीला इथून हवं काय होतं? लाकूड, धान आणि चांद्याचा कोळसा. प्रवासी हा बोनस होता. त्याआधीच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांतानं पाहिले होते. धान्य वेळेत पोचवायला रस्ते नाहीत ही गोष्ट सरकारला तेव्हा चांगलीच कळली होती.

आपल्या बाजूची माणसं मात्र या बोनसचीच वाट बघत होती. धानाचा पट्टा आहे हा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी तांदळाचं वाण निवडून वाढवलं, ते देशभर गेलं. तो सगळा भाग याच रेल्वेच्या शेजारचा. आणि वडसा म्हणजे देसाईगंज, झाडीपट्टी नाटकांची राजधानी. दिवाळीनंतर नाटक बुक करायचं तर गावोगावची मंडळी वडसालाच जातात. नाटक कंपन्यांनी ऑफिसं थाटायला वडसा का निवडलं असेल? बाजारपेठ, नदीवरचा पूल आणि रेल्वे स्टेशन. येणं-जाणं सोपं असलेलं गाव आपोआप मध्यवर्ती होतं.

इंग्लंडमधली एक चुलत बहीण

आता जरा बाहेर फिरून येऊ. इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात टेमर नावाची नदी आहे. तिच्या एका काठाला डेव्हन, दुसऱ्या काठाला कॉर्नवॉल. आपल्याकडं वैनगंगेच्या एका काठाला चंद्रपूर जिल्हा, दुसऱ्या काठाला गडचिरोली, तसंच. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला तेव्हापासून ही नदी आपल्यासाठी हद्द आहे.

त्या टेमरच्या खोऱ्यात प्लिमथ ते गनिस्लेक अशी एक छोटीशी रेल्वे चालते. जेमतेम २२-२३ किलोमीटर. आधी तिथं खाणींसाठी अरुंद रुळांची मालगाडी होती. मग ती रुंद केली, नदीवर कॅलस्टॉक गावात बारा कमानींचा उंच पूल बांधला आणि लाइन सुरू झाली १९०८ साली. हो, आपल्याच वर्षी.

आता खरा मुद्दा. १९६३ मध्ये ब्रिटिश सरकारकडं एक अहवाल आला, बीचिंग अहवाल म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात म्हटलं होतं, तोट्यातल्या छोट्या लाइनी बंद करा. हजारो किलोमीटर रूळ उखडले गेले. टेमर खोऱ्यातल्या लाइनीचाही वरचा तुकडा, गनिस्लेकच्या पुढचा, १९६६ मध्ये बंद झाला. पण खालचा वाचला. का? तिकिटांतून नफा व्हायचा म्हणून नव्हे. त्या खोऱ्यात रस्ते इतके वाकडे आणि पूल इतके कमी होते की रेल्वे काढली असती तर नदीकाठच्या गावांना शहर गाठायला मोठा वळसा पडला असता. सरकारनं हिशोबात तिकिटांसोबत तो वळसाही धरला.

हे मी का सांगतोय? कारण रेल्वेची किंमत दोन तऱ्हेनं काढता येते. एक, किती तिकिटं खपली. दुसरी, ती नसती तर लोकांना काय पडलं असतं. आपल्याकडच्या कुठल्याही रेल्वेच्या चर्चेत या दोनपैकी कोणता हिशोब चाललाय, हे आधी ओळखा. अर्धी भांडणं तिथंच समजतात.

मोठी झाली, पण एकटी राहिली

१९९० च्या दशकात गोंदिया-चांदा फोर्ट लाइन ब्रॉडगेज झाली. यानं नकाशाच बदलला. कसा ते बघा.

गोंदिया आहे मुंबई-हावडा मार्गावर. बल्लारशाह आहे दिल्ली-चेन्नई मार्गावर. या दोन मोठ्या रेषांना जोडणारी आपली लाइन. छत्तीसगढमधून दक्षिणेत जायचं तर नागपूरचा वळसा घ्यायची गरज नाही, आपल्याकडून सरळ खाली. वैनगंगा एक्स्प्रेस नावाची गाडी कोरबाहून यशवंतपूरला, म्हणजे बंगळुरूला, याच वाटेनं जाते. नाव आपल्या नदीचं, प्रवासी बरेचसे दूरचे.

आणि सगळ्यात जास्त फायदा मालगाड्यांना झाला. कोळसा, सिमेंट, लोखंड. गावाला जोडायला आलेली फांदी आता देशाचा शॉर्टकट झाली.

पण रूळ एकच राहिला. सिंगल लाइन. आणि इथं तुमच्या अर्ध्या तासाचं उत्तर आहे.

सिंगल लाइनवर दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यात एका वेळी समोरासमोर दोन गाड्या येऊ शकत नाहीत, हे उघड आहे. समजा, नागभीड आणि पुढचं स्टेशन यात दहा किलोमीटर आहेत. समोरून मालगाडी ताशी ६० नं निघाली, तिला दहा मिनिटं लागणार. ती पूर्ण आत आली, पॉइंट बदलले, सिग्नल मिळाला, की मग तुमची गाडी सुटणार. एका मालगाडीला असे पंधरा मिनिटं. मागून दुसरी असेल, किंवा लांब पल्ल्याची एक्स्प्रेस उशिरा धावत असेल, तर झाली तीस-चाळीस मिनिटं. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला कुणाला थांबवायचं ते ठरवावं लागतं, आणि पॅसेंजर गाडी थांबवणं सगळ्यात सोपं असतं.

म्हणून नवी गाडी मागायला गेलं की उत्तर येतं : लाइनवर जागा नाही. हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. पण जागा आहे तेवढी कुणाला द्यायची, हा निर्णय तांत्रिक नाही. तो माणसांनी घेतलेला असतो.

यातच भर म्हणून मार्च २०२० आला. लॉकडाउनमध्ये देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. नंतर पॅसेंजर परत आल्या त्या 'स्पेशल' होऊन, कमीत कमी भाडं दहा रुपयांचं तीस रुपये. ते परत दहावर आलं फेब्रुवारी २०२४ मध्ये. शहरात वीस रुपयांचा फरक कुणी मोजत नाही. रोज दुसऱ्या गावाहून ब्रह्मपुरीला कॉलेजात येणाऱ्या पोरीच्या घरात तो मोजला जातो. जाऊन-येऊन चाळीस रुपये, महिन्यात पंचवीस दिवस, हजार रुपये. पासची सोय नसेल तर शिकायचं की नाही इथपर्यंत तो हिशोब जातो.

दोन अर्धवट गोष्टी

पहिली, नागपूरची. इतवारी-नागभीडची छोटी गाडी उमरेड, भिवापूर करत साधारण ११० किलोमीटर जायची, चारेक तास घ्यायची. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती बंद झाली, ब्रॉडगेज करण्यासाठी. काम महारेलकडं. ही लाइन झाली की ब्रह्मपुरीहून नागपूर रेल्वेनं सरळ येतं. पण ती उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या परिसरातून जाते, म्हणून वाघांच्या वाटेचा प्रश्न तिथंही आला.

दुसरी, गडचिरोलीची. अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात जुनं असं एकच रेल्वे स्टेशन, वडसा, तेही जिल्ह्याच्या एका टोकाला. वडसा-गडचिरोली ही साधारण ५२ किलोमीटरची नवी लाइन २०११-१२ मध्ये मंजूर झाली. खर्च निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. मधे जंगल, त्यामुळं वनखात्याच्या परवानग्या, जमीन, पुन्हा परवानग्या. बावन्न किलोमीटर म्हणजे मोटारसायकलवर एक-दीड तासाचं अंतर. ती मंजूर झाली तेव्हा पहिलीत असलेली पोरं आता मतदान करतात.

आणि आता दुसरा रूळ

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं गोंदिया-बल्लारशाह दुहेरीकरणाला मंजुरी दिली. २४० किलोमीटर, खर्च ४,८१९ कोटी रुपये. दुसरा रूळ पडला की जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्या वेगळ्या. समोरासमोरचं थांबणं संपतं. एकाच्या जागी दोन रूळ म्हणजे क्षमता दुप्पट नव्हे, बऱ्याचदा त्याहून जास्त, कारण वाट बघण्यात वाया जाणारा वेळच वाचतो.

आनंदाची गोष्ट आहे. पण दोन प्रश्न आत्ताच विचारायला हवेत.

पहिला प्रश्न वाघांचा. ही लाइन ताडोबाच्या शेजारून, घोडाझरी अभयारण्याजवळून, ब्रह्मपुरी वन विभागातून जाते. इथं वाघ अभयारण्याच्या बाहेरही राहतात, एका जंगलातून दुसऱ्यात जातात, आणि रूळ त्यांच्या वाटेत आडवे आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळच्या चिचपल्ली-जुनोना जंगलात वाघाची तीन पिल्लं गाडीखाली मेली. आता रूळ दोन होणार, गाड्या जास्त आणि वेगानं जाणार.

उपाय नाहीत असं नाही. पेंचमधून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गाखाली प्राण्यांसाठी भुयारी वाटा केल्या, त्यातून वाघ जाताना कॅमेऱ्यात दिसले. रेल्वेखालीही अशा वाटा करता येतात. पण त्या कधी करायच्या? रूळ टाकायच्या आधी. भराव झाल्यावर, पूल झाल्यावर तोच बदल कितीतरी महाग पडतो, आणि मग रात्रीचा वेग कमी करा एवढाच उपाय हातात उरतो. वेग कमी केला की लाइन पुन्हा तुंबते. म्हणजे वाघासाठी आत्ता खर्च करणं हे गाडीच्या वेळेसाठीही फायद्याचं आहे.

दुसरा प्रश्न माणसांचा. दुसऱ्या रुळावर मोकळी होणारी जागा कुणाला मिळणार? सगळी मालगाड्यांनी भरली तर ब्रह्मपुरी, सिंदेवाही, अर्जुनीच्या लोकांना रुळाच्या दोन रेघांऐवजी चार दिसतील, एवढाच फरक. आपल्याला काय हवं ते नेमकं मागावं लागेल. "गाड्या वाढवा" असं मोघम मागणं फायलीत हरवतं. सकाळी कॉलेजच्या वेळेआधी पोचणारी आणि संध्याकाळी सुटल्यावर परत नेणारी गाडी. बल्लारशाहला लांब पल्ल्याच्या गाडीशी जुळणारी वेळ. आणि चंद्रपुरात चांदा फोर्ट आणि चंद्रपूर ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, दोन वेगळ्या रेल्वे झोनची, त्यांच्यामधली ये-जा सोपी व्हायला हवी. अशी मागणी वेळापत्रकात बसते, म्हणून ती नाकारायलाही कारण द्यावं लागतं.

टेमरच्या खोऱ्यातल्या लोकांची लाइन वाचली, कारण ती नसेल तर कुणाचं काय अडेल हे स्पष्ट दिसत होतं. आपल्याकडं ते आपणच दाखवावं लागेल.

तर गृहपाठ घ्या. तुम्ही या लाइनवर कुठंही राहत असाल, गोंदियापासून बल्लारशाहपर्यंत, तर एक व्हॉइस नोट पाठवा. तुमचं स्टेशन कोणतं, तुम्हाला कुठल्या वेळेला कुठं जायचं असतं, आणि आज त्यासाठी काय करता. बस, शेअर ऑटो, मित्राची गाडी, की जातच नाही. एक मिनिटात सांगा. पुढच्या भागात त्या सगळ्यांचं मिळून एक वेळापत्रक मांडू, बघू कसं दिसतं ते.

भाग आवडला असेल तर गावच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात. रामराम!